बनगाव, १९७१: बावीस ग्रॅम ग्लुकोजचं काम

१९७१च्या जूनमध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात रोज हजारो माणसं चालत येत होती. पूर्व पाकिस्तानात मार्चअखेर लष्करी कारवाई सुरू झाली होती. वर्ष संपेपर्यंत जवळपास एक कोटी लोक तिकडून भारतात आले. अर्धपोटी, थकलेली, लेकराबाळांसह निघालेली माणसं. त्यात पाऊस लागला, छावण्यांत चिखल झाला, प्यायचं पाणी दूषित झालं आणि कॉलरा पसरला. आपल्याकडे जुनी माणसं याला पटकी म्हणायची.

बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांची छोटी तुकडी कोलकात्याहून पोचली तेव्हा कॉलऱ्याच्या दोन खोल्या गच्च भरल्या होत्या. खाटा केव्हाच संपल्या होत्या, माणसं जमिनीवर पडली होती. एकेकाला सलाइन लावायचं तर त्या जुलाबा-उलट्यांच्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागत होतं. शिरेतून सलाइन देण्याचं शिक्षण तुकडीतल्या दोघांनाच होतं आणि बाटल्या संपत चालल्या होत्या. ही लढाई आपण हरतो आहोत, हे पोचल्यापासून दोन दिवसांतच कळून चुकलं, असं महालनबीस यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

त्यानंतर त्यांनी घेतलेला निर्णय वैद्यकाच्या इतिहासात सांगितला जातो. मला तो आहारशास्त्राच्या वर्गात सांगावासा वाटतो. कर्बोदकं म्हणजे ऊर्जा, एका ग्रॅमला चार कॅलरी, आणि जास्त झाली की चरबी, एवढ्यावर आपलं शिकणं थांबतं. हल्ली तर ‘साखर म्हणजे विष’ इतकंच ऐकू येतं. बनगावात ग्लुकोजने जे केलं त्यात ऊर्जेचा वाटा नगण्य होता.

मिश्रण

त्यांनी ठरवलेलं मिश्रण असं होतं: एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा. ग्लुकोज बाजारात मिळणारं, मीठ स्वयंपाकातलं. खर्च लिटरमागे सुमारे ११ पैसे.

बावीस ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ८८ कॅलरी, साधारण एका पोळीएवढ्या. तेवढ्यावर मरणाच्या दारातला माणूस उठून बसत नाही. मग ग्लुकोज कशासाठी?

कॉलऱ्यात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. रोग तीव्र असेल तर मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जुलाबावाटे जातं. डोळे खोल जातात, कातडीची चिमटी सोडली तरी ती तशीच राहते, नाडी लागत नाही. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर टाकत राहायला लावतं. त्यामागे सोडियम जातं आणि सोडियममागे पाणी. शिवाय मीठ आत ओढून घेण्याचा नेहमीचा मार्ग हे विष बंद पाडतं. म्हणून नुसतं पाणी पाजलं तरी उपयोग नाही आणि मीठपाणी पाजलं तरी ते पोटातून तसंच पुढे जातं. तोंडाने काही देऊन कॉलरा आटोक्यात येत नाही, असं डॉक्टरांना वर्षानुवर्षं वाटत होतं, त्यामागे हाच अनुभव होता.

पण या विषाला एक मार्ग बंद करता येत नाही. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं एक वाहक प्रथिन असतं. एकट्या सोडियमला ते आत घेत नाही, एकट्या ग्लुकोजलाही नाही. फक्त जोडीने येणाऱ्यांनाच सोडणाऱ्या दारवानासारखं त्याचं काम चालतं: एका ग्लुकोजसोबत सोडियमचे दोन आयन आले की तिघांनाही आत. सोडियम आत गेलं की पाणी आपोआप त्यामागे जातं. कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी मरत नाहीत, हे वाहक प्रथिनही शाबूत असतं. म्हणजे मिठाला आत न्यायला ग्लुकोज लागतं आणि पाण्याला आत न्यायला मीठ. बनगावच्या द्रावणात ग्लुकोजची नेमणूक एवढ्याच कामासाठी होती.

आधीची पावलं

हे ज्ञान बनगावात जन्मलं नाही. १९५३ मध्ये कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ कॉलरा रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने दिलं आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद छापली. उलटी थांबवायला ते औषध देत आणि जुलाबांवर पानओव्याच्या जातीच्या पानांचा रस. त्यांचे रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हे का चालतं याचं स्पष्टीकरण त्या वेळी कोणापाशीच नव्हतं. त्यामुळे त्या कामाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. मला हे आजही खटकतं. कोलकात्यातल्या एका डॉक्टराचं निरीक्षण जगाने पंधरा वर्षं बाजूला ठेवलं.

स्पष्टीकरण १९६० मध्ये प्रागच्या एका परिसंवादात आलं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने सोडियम आणि ग्लुकोज आतड्यात जोडीने शोषले जातात, ही कल्पना तिथे मांडली. त्यांच्या डोळ्यासमोर कॉलरा नव्हता, साखर शोषली कशी जाते हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांनी फिलिपिन्समध्ये ग्लुकोज-मिठाचं द्रावण कॉलऱ्यावर वापरून पाहिलं. त्यात सोडियम फार जास्त होतं आणि काही रुग्ण दगावले. प्रयोग थांबला. जोडी तीच, पण प्रमाण चुकलं, की जीव वाचवणारं द्रावण जीव घेऊ शकतं.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ते प्रमाण बसवलं. त्याहून महत्त्वाचं, त्यांनी पद्धत बसवली: जितकं पाणी अंगातून गेलं तितकं मोजून पाजायचं. २९ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज ८० टक्क्यांनी घटली. मात्र हे सगळं खाटा, परिचारिका आणि मोजमापं असलेल्या वॉर्डात झालं होतं. छावणीत यातलं काहीच नव्हतं.

छावणीत काय घडलं

महालनबीस जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्रात काम करत. तिथल्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, सोडा आणि ग्लुकोज तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं जाई, पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली जात आणि त्या बनगावला रवाना होत. तिथे स्वच्छ पाण्याच्या, खाली तोटी बसवलेल्या ड्रममध्ये त्या मिसळायच्या. रुग्णाची आई, भाऊ, शेजारी, जो कोणी सोबत असेल त्याने पेला भरायचा आणि पाजत राहायचं.

या शेवटच्या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्यात मोठं धाडस त्यात आहे. तोवर पाणी भरून काढणं हे डॉक्टर-परिचारिकांचं काम होतं. इथे ते नातेवाइकांच्या हाती गेलं. त्यांना वाचता येत होतं की नाही याने काही अडत नव्हतं. रुग्णाला तहान असते आणि पाणी भरून निघालं की तहान भागते, त्यामुळे किती पाजायचं याचा बराचसा हिशोब शरीरच सांगत होतं. ज्यांची नाडीच लागत नव्हती त्यांना आधी शिरेतून सलाइन दिलं जाई आणि जरा शुद्धीवर आले की पेला हातात. त्यामुळे सलाइनच्या मोजक्या बाटल्या खरोखर गरज असलेल्यांसाठी उरल्या. द्रावण कसं करायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली, बांगलादेशी मुक्तिलढ्याच्या गुप्त रेडिओवरूनही कृती सांगितली गेली.

साधारण दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. नुसत्या सलाइनच्या भरवशावर चाललेल्या ठिकाणी ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं. हा काही शिस्तीत आखलेला तुलनात्मक प्रयोग नव्हता. तसा आखायला तिथे कुणाला उसंत नव्हती, आणि निम्म्या रुग्णांना पेला नाकारणं कुणाच्या मनाला पटलंही नसतं. त्यामुळे ३० आणि ३.६ यांच्यातला सगळाच फरक या द्रावणाच्या नावावर लिहिता येत नाही. पण फरक इतका मोठा होता की तो योगायोग म्हणून सोडून देणंही शक्य नव्हतं. अहवाल १९७३ मध्ये छापला गेला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात या शोधाची गणना शतकातल्या कदाचित सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली.

जास्त ग्लुकोज घातलं तर?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण ‘थोडं चांगलं तर अधिक आणखी चांगलं’ ही समजूत इथे थेट धोक्याची आहे.

बनगावच्या द्रावणातले विरघळलेले कण मोजले तर लिटरमागे सुमारे ३०० मिलिऑस्मोल भरतात, रक्ताच्या जवळपास तेवढेच. द्रावणातले कण रक्तापेक्षा खूप वाढले, की पाणी उलट्या दिशेने, शरीरातून आतड्यात खेचलं जातं. ग्लुकोज वाढवलं की वाहक प्रथिनाची क्षमता संपते, न शोषलेलं ग्लुकोज आतड्यात उरतं आणि स्वतःभोवती पाणी धरून ठेवतं. जुलाब वाढतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरुवातीच्या सूत्रात २० ग्रॅम ग्लुकोज होतं आणि कणांची एकूण संहती ३११ मिलिऑस्मोल. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ती आणखी उतरवली तर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात, सलाइन लावायची वेळही कमी येते. म्हणून २००२ पासून सूत्र बदललं: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि एकूण २४५. बनगावच्या मिश्रणात पोटॅशियम नव्हतं, ते इथे आहे. कणांच्या संख्येने ग्लुकोज आणि सोडियम आता समसमान आहेत, लिटरमागे दोन्ही ७५ मिलिमोल. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे जलसंजीवनीचं जे पाकीट मिळतं ते याच सूत्राचं.

साखर, गूळ, पेज, दूध

कर्बोदकांचे प्रकार पुस्तकात तक्त्याने शिकवतात: एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा. जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्यात हा तक्ता जिवंत होतो, कारण प्रत्येक प्रकार तिथे वेगळा वागतो.

घरातली साखर म्हणजे सुक्रोज. आतड्याच्या भिंतीवरचं विकर (एन्झाइम) तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असं विभाजन करतं. यातलं ग्लुकोजच सोडियमला सोबत नेतं. फ्रुक्टोजचा वाहक निराळा आहे आणि त्याचा मिठाशी संबंध नाही. म्हणून वजनाच्या हिशोबाने साखर ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट लागते. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण त्यातून आलं आहे. पाकीट हाताशी नसेल तेव्हा ते काम भागवतं. मीठ मात्र अंदाजाने टाकू नये. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते फेकून नवीन करावं.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात गूळ वापरला. तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत त्यांनी आयांकडून ते द्रावण प्रत्यक्ष करवून घेतलं. कार्यकर्तीचा मोबदला किती घरं झाली यावर ठरत नव्हता. नंतर तपासणीला आलेल्या माणसाला त्या आया कृती किती नीट सांगतात यावर तो ठरत होता. आरोग्यशिक्षणात इतकी नेमकी अट घातलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आता पिष्ट, म्हणजे स्टार्च. कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज मीठ घालून देतात, आणि हे शहाणपण नव्या शास्त्राला तंतोतंत जुळतं. स्टार्चचा रेणू म्हणजे शेकडो-हजारो ग्लुकोजची साखळी. विरघळलेल्या कणांच्या हिशोबात ती अख्खी साखळी एकच कण. म्हणजे पाणी उलटं न खेचता भरपूर ग्लुकोज आतड्यात पोचवता येतं. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज साखळी तोडतं, आतड्याच्या भिंतीवरची विकरं शेवटचे तुकडे करतात, आणि ग्लुकोज सुटतं ते वाहक प्रथिनाच्या अगदी लगत. लिटरमागे ५० ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे ४० ग्रॅम स्टार्च असतो, बनगावच्या ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट, तरीही द्रावण हलकं राहतं.

ग्लुकोजच्या द्रावणाची एक उणीव आहे. ते जीव वाचवतं, पण जुलाब फारसे कमी करत नाही. पाजतोय तितकं खालून जातंच आहे, असं आईला दिसतं आणि तिचा विश्वास डळमळतो. तांदळाच्या द्रावणाने कॉलऱ्यात जुलाबाचं प्रमाणच घटतं. १९९२ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब झाला, त्यात पहिल्या २४ तासांतली घट मोठ्यांमध्ये ३६ टक्के आणि मुलांमध्ये ३२ टक्के होती. कॉलरा नसलेल्या साध्या हगवणीत हा फायदा बराच कमी, १८ टक्के. मग पाकिटात अजून ग्लुकोजच का? कारण तांदूळ शिजवावा लागतो, सरपण लागतं, आणि केलेलं द्रावण काही तासांत आंबतं. छावणीत किंवा पूर आलेल्या गावात ड्रममध्ये ओतून ढवळता येणारी भुकटीच कामाची.

स्टार्चचा एक भाग लहान आतड्यात पचतच नाही. त्याला प्रतिरोधक स्टार्च म्हणतात. कच्च्या केळ्यात तो भरपूर असतो आणि शिजवून गार केलेल्या भातात थोडा वाढतो. न पचता मोठ्या आतड्यात गेला म्हणजे वाया गेला, असं वाटेल. पण तिथले जिवाणू त्याला आंबवून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लं तयार करतात आणि ती शोषली जाताना मोठं आतडं सोडियम आणि पाणीही ओढून घेतं. म्हणजे शरीरात पाणी परत घेण्याची दुसरी जागा आहे आणि ती चालू करायला वेगळ्या जातीचं कर्बोदक लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००० साली कॉलऱ्याच्या रुग्णांना द्रावणात असा मक्याचा स्टार्च घालून दिला, तेव्हा जुलाबाचं प्रमाण घटलं आणि आजार लवकर आवरला. बांगलादेशात दीर्घकाळ जुलाब असलेल्या मुलांना शिजवलेलं कच्चं केळं दिल्यानेही फरक पडला. केळ्यातला प्रतिरोधक स्टार्च आणि पेक्टिन हा विद्राव्य तंतू, दोघांचीही वाट मोठ्या आतड्यातूनच जाते. निरोगी माणसाला चोथा खा म्हणून सांगतात, त्यामागेही जिवाणूंचं हे काम आहे. पोट साफ होणं हा त्याचा एक भाग झाला.

दुधातलं लॅक्टोज वेगळंच. ते तोडणारं लॅक्टेज हे विकर आतड्यातल्या केसाळ उंचवट्यांच्या अगदी टोकाला असतं आणि रोटाव्हायरससारखा संसर्ग आधी टोकंच सोलून काढतो. म्हणून जुलाबानंतर काही मुलांना वरचं दूध काही दिवस सोसत नाही. हे तात्पुरतं असतं. आईचं दूध मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करायचं नाही, त्यातही लॅक्टोज असलं तरी.

सध्याचं दुकान

महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्याच सुमारास औषधाच्या दुकानांत ‘ओआरएस’ (जलसंजीवनीचं इंग्रजी संक्षिप्त नाव) हे नाव मिरवणारी फळांच्या चवीची गोड पेयं सर्रास विकली जात होती. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘हे डब्ल्यूएचओ सूत्र नाही’ असं लिहिलं की नियम पाळला जाई. गोड पेयांत साधारणपणे लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नाममात्र. जुलाब झालेल्या बाळाला ते पाजणं म्हणजे पाणी आतड्यात खेचून जुलाब वाढवणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायची मुभा काढून घेतली. हा निर्णय फार उशिरा आला असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या नावामुळे फसलेल्या आईबापांची संख्या कुणी मोजलेली नाही.

दुकानदाराने काहीही पुढे केलं तरी पाकिटावर ग्लुकोज, सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट ही चार नावं आणि वर दिलेली वजनं आहेत का ते पाहावं. मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. ते दोन पेले पाण्यात घट्ट करून देणं हीसुद्धा नेहमी दिसणारी आणि तितकीच धोक्याची चूक आहे. केलेलं द्रावण २४ तासांत संपवावं, उरलं तर टाकून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावं. सोबत १० ते १४ दिवस झिंक आणि मऊ भात, पेज, वरण चालू ठेवावं. मूल पाणीच पिऊ शकत नसेल, मलूल पडलं असेल किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. पेल्याने भागण्याच्या पलीकडे गेलेल्यांना बनगावातही आधी सलाइनच लावत होते.